मोठ्या मॅडमचं बोनेट

मोठ्या मॅडमचा डाव्या-उजव्यावर विश्वास नव्हता. "तोंड फिरवलं का डावं उजवं होऊन जाते. उत्तर कुठी जाते का पळून?" असं त्या विचारायच्या. त्यांच्या घरात मिठाचा डबा फडताळाच्या पूर्वेला असे आणि चपला दाराच्या दक्षिणेला. मी जेवायला बसले की त्या म्हणत, "पोरी, तुह्या पश्चिमेले लोणचं आहे, घे." पहिले काही दिवस मी आधी खिडकीतून ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते बघत असे आणि मगच हात पुढे करत असे. पुढे इतकी सवय झाली की सुट्टीत घरी अकोल्याला गेले आणि आईला म्हटलं, तुझ्या उत्तरेच्या खांद्यावर मुंगी आहे. आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोन हजार सालाच्या आसपास मी गोंदिया जिल्ह्यात सौंदडजवळच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहू लागले. त्या त्याच शाळेत भूगोल शिकवत. शिक्षकांत बायका आम्ही दोघीच, म्हणून मुलांनी सोयीसाठी त्यांना मोठ्या मॅडम केलं आणि मला लहान मॅडम. घरी मात्र मी 'पोरी' होते. त्या घरी बोलत ती आपली इकडची बोली, वर्गात बोलत ती पुस्तकी मराठी. आणि घरातसुद्धा त्या कधी एकदम पुस्तकी बोलायला लागल्या, तर समजायचं की बाईंना राग तरी आलाय किंवा रडू तरी येतंय.

दुसरी गोष्ट, त्यांना पातळ काही चालत नसे. वरण चमच्यावर उभं राहिलं पाहिजे. चादर जाड, वहीचा पुठ्ठा जाड, पोळी तर अशी की एकीतच माझं पोट भरे. एखाद्या मुलानं गृहपाठ न करण्याचं कारण सांगितलं की ऐकून घेत आणि म्हणत, "हे कारण फार पातळ आहे. उद्या जरा घट्ट करून आण."

आणि त्यांच्याकडे जीप होती.

ही जीप त्यांच्या यजमानांची. ते सौंदड ते सडक अर्जुनी सवाऱ्या मारत. मी यायच्या काही वर्षं आधी छातीत कळ येऊन ते गेले. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता गाडी विकली जाईल. मोठ्या मॅडमनी दिवसकार्य आटोपल्यावर गाडीची किल्ली स्वतःच्या मंगळसूत्राच्या जागी काळ्या दोऱ्यात ओवली आणि धानाची कापणी व्हायची वाट पाहिली. कापणी झाली, बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, मोकळ्या झाल्या, तशी रोज शाळा सुटल्यावर जीप शेतात घालून त्या गाडी शिकल्या. शिकवायला कुणी नव्हतं. शेताच्या बांधाचे धुरे तुटले, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, एक ढीग भुईसपाट झाला, एकदा जीप बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाण्यात समोरच्या चाकांनी उतरली. पण रोवणीचे दिवस येईपर्यंत त्या सडक अर्जुनीला एकट्या जाऊन आल्या होत्या. भूगोल त्या याच जीपमधून शिकवत. वर्गातली पाच-सहा मुलं मागे घालायची आणि इटियाडोह धरणाच्या कालव्यावर न्यायची. "नकाशावर बोट ठेवलं तर बोट ओलं होते का?" असं त्या हेडमास्तरांना विचारत. हेडमास्तर बिचारे नाही म्हणत आणि परवानगीच्या कागदावर सही करत.

एका वादळात घराशेजारच्या मोहाच्या झाडाची फांदी जीपवर पडली. बाकी गाडी वाचली, बोनेट मात्र चपटं झालं. पत्रा आधीच गंजलेला, सरळ करायला गेलं तर हातात तुकडे आले. त्या मॉडेलचं जुनं बोनेट कुठे मिळेना. गोंदियाच्या कडेला मुर्रीत एक माणूस फायबरची कामं करायचा. पाण्याच्या टाक्या, बागेतले हत्ती, मासेमारीच्या छोट्या नावा असलं काहीबाही तो बनवे. त्यानं दुसऱ्या एका जीपवरून साचा काढला आणि बोनेट करायला घेतलं. मोठ्या मॅडम समोर स्टूल टाकून बसल्या. तो एक थर लावी आणि त्या बोटानं टिचकी मारत. "पातळ आहे. आणखी एक लाव." तो आणखी एक लावी. पुन्हा टिचकी. असं करत संध्याकाळ झाली.

बोनेट तयार झालं ते नावेच्या तळासारखं. ते उतरवायला चार माणसं लागली. बसवल्यावर मोठ्या मॅडमनी त्यावर मूठ आपटली आणि खूश होऊन म्हणाल्या, "आता पडू दे किती मोह पडतात ते."

मोह काही पुन्हा पडला नाही. पण जीप होती जुनी, आणि रेडिएटर तिच्यापेक्षाही जुना असल्यासारखा वागायचा. चढ लागला, ऊन लागलं की पाणी उकळायचं. मग थांबायचं, बोनेट उघडायचं, काठीचा टेकू द्यायचा, गाडी निवली की पाणी ओतायचं. पत्र्याचं बोनेट त्या एका हातानं उचलत. हे नवीन दोन्ही हातांनी, गुडघा लावून, ओठ घट्ट मिटून उचलावं लागे. मी बरोबर असले तर मी एक बाजू धरी. रस्त्यावर कुणाला बोलावू म्हटलं तर त्या डोळे वटारत. "मदत मागितली का मानूस सल्ला बी देते. मले पानी ओतायचं आहे, सल्ला नाही पाहिजे."

त्या वर्षी उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी सोडलं होतं. एक मुलगी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती, तिचं लग्न ठरवून राहिले अशी कुणकुण होती. मोठ्या मॅडम तिच्या बापाला भेटायला कालव्याच्या रस्त्यानं एकट्या गेल्या. बापाला काय बोलल्या ते कळलं नाही, पण मुलगी सोमवारपासून शाळेत येणार हे कबूल करून घेऊन त्या निघाल्या. परत येताना दुपारच्या उन्हात जीप तापली. त्यांनी बोनेट उचललं, बांबूच्या काठीचा टेकू दिला आणि वाकून रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं ठेवलं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच, वादळ नव्हे. काठी सटकली आणि ते सगळं वजन त्यांच्या उजव्या हातावर आलं. हात कोपराच्या खाली आत, त्या बाहेर. डाव्या हातानं बोनेट उचलेना. हॉर्नपर्यंत हात पोचेना.

त्या ओरडत राहिल्या. बऱ्याच वेळानं कालव्याच्या पलीकडून म्हशी चारणारा एक म्हातारा पाण्यातून धावत आला.

"दक्षिणेकडून उचल!" मोठ्या मॅडम ओरडल्या.

"दक्षिन कोनती जी, मॅडम?" म्हातारा दोन्ही हात पसरून उभा.

ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. त्या अवस्थेतही त्यांनी मान वळवून सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि हनुवटीनं बाजू दाखवली. म्हाताऱ्यानं खांदा लावून बोनेट उचललं. हात निघाला, पण मनगटाच्या वर वाकडा झालेला. त्यांनी म्हाताऱ्याकडून पाणी ओतून घेतलं, बोनेट लावून घेतलं, झोळीसारखा पदर गळ्यात बांधून हात त्यात अडकवला आणि गाडी सुरू केली. डाव्या हातानं स्टिअरिंग धरायचं की गिअर टाकायचा, दोन्ही जमेना. म्हणून एकदाच दुसरा गिअर टाकला आणि घर येईपर्यंत तोच ठेवला. ती किंचाळणारी जीप गावात पोचायच्या आधी तिचा आवाज पोचला. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे होतो. त्या उतरल्या, पांढऱ्याफटक, आणि मला म्हणाल्या, "सोमवारी ती येईल. हजेरीवर तिचं नाव कापू नका."

पुस्तकी मराठी. मी समजले, फार दुखत होतं.

त्यांचे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, दोन घरं सोडून राहत. धानाची शेती, मितभाषी माणूस. धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. भाऊ गेल्यापासून त्यांना प्रत्येकाच्या जिवाची धास्ती असे. कुणी खोकलं तरी ते दारात येऊन उभे राहत. हाताला प्लास्टर घालून आणलं त्या संध्याकाळी ते आले आणि पडवीत उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, गाडी विकून टाकू. मी गिऱ्हाईक पाहतो."

"भाऊजी, गाडीनं काय केलं? काठी सटकली."

"आज काठी सटकली. उद्या काय सटकन? एकट्या बाईमानसानं जे उघडतच नाही, ते ठेवायचं कायले?"

भाऊजींच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मोठ्या मॅडमना जास्त अवघड होतं. "हात जुळेपर्यंत थांबा," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊजींनी मान हलवली. हात जुळला की गाडी जाणार, असं ठरल्यासारखं झालं.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी विज्ञानाची, म्हणून पहिली सूचना माझी. आंब्याच्या फांदीला विहिरीची गडगडी टांगायची, दोर बोनेटला बांधायचा, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचा दगड. आम्ही करून पाहिलं. बोनेट फुलासारखं वर आलं. मी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "लय छान. आता मी कालव्यावर जाताना आंबा मांडीवर घेऊन बसतो का?" मग त्यांनी जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा काढून बिजागरीपाशी लावल्या. बोनेट वर आलं नाही, पण गाडी चालताना ते थरथर कापायला लागलं आणि कुत्री मागे लागू लागली.

तोडगा सापडला तो दवाखान्याच्या दारात. हाताचा एक्स-रे काढायला मी त्यांना गोंदियाला घेऊन गेले होते. बाहेर औषधं पुरवणारा एक माणूस आपल्या छोट्या गाडीची मागची डिक्की उघडत होता. त्यानं खटका दाबला, बोट लावलं आणि ती डिक्की आपोआप वर जाऊन थांबली. मोठ्या मॅडम पायरीवरच थबकल्या.

"भाऊ, बंद कर ते."

त्यानं बंद केली.

"आता उघड."

त्यानं उघडली. "मॅडम, गाडी लेनी है क्या?"

"गाडी नाही पाहिजे. हे उघडते कशानं, ते सांग."

त्यानं दोन्ही बाजूंच्या काळ्या दांड्या दाखवल्या. आत गॅस भरलेला असतो, तो ढकलतो, म्हणाला. मोठ्या मॅडमनी एका हातानं डिक्की लावली, उघडली, लावली, उघडली. आत एक्स-रेसाठी त्यांचं नाव पुकारलं जात होतं. "पोरी, त्याइले सांग का येतो म्हनून," त्या मला म्हणाल्या आणि पुन्हा डिक्की लावली. शेवटी तो माणूस हात जोडून म्हणाला, "मॅडमजी, मुझे चार दुकान और जाना है." त्याच दुपारी, एक्स-रे काखेत धरून, आम्ही भंगार बाजारात एका मोडक्या व्हॅनच्या मागच्या दाराच्या दोन दांड्या शोधून काढल्या. दोन्हींत दम होता. मोठ्या मॅडमनी जमिनीवर टेकवून, अंगाचा भार टाकून तपासल्या.

गावातल्या वेल्डरनं त्या बसवून दिल्या, बोनेटच्या पुढच्या टोकाजवळ, दोन बाजूंना. बसवल्या आणि बोनेट बंद होईना. दांड्या इतक्या जोरानं ढकलत होत्या की दोघांनी दाबलं तरी वर येई. मोठ्या मॅडमनी प्लास्टरचा हात सांभाळत बंपरवर पाय ठेवला आणि सरळ बोनेटवर जाऊन बसल्या. ते बंद झालं. वेल्डरनं बोनेट दाबून ठेवायचे पट्टे लावले. त्या उतरल्या. पट्टे ताणून राहिले, बोनेटच्या मध्यावर पोटासारखा फुगा आला आणि "कट्" असा आवाज झाला. बोनेटला दांडीच्या स्क्रूपासून बोटभर चीर गेली होती.

त्या रात्री जेवताना त्या लोणचंसुद्धा मागायला विसरल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दारावरून जाताना सांगून गेले की सडक अर्जुनीचा एक माणूस गाडी पाहायला येतो म्हणून राहिला आहे, प्लास्टर निघालं की येईल.

मग मी हे काम मनावर घेतलं. चपलांच्या खोक्याचं झाकण हेच बोनेट, खिळा ही बिजागरी, आणि छत्रीच्या काडीचे तुकडे या दांड्या. शाळा सुटल्यावर आम्ही पडवीत बसून काडीचं खालचं टोक पुढे-मागे सरकवून पाहत असू. एका संध्याकाळी मला दिसलं ते असं, की दांडीचं वरचं टोक बिजागरीच्या जवळ आणलं आणि खालचं टोक अशा जागी लावलं की झाकण बंद असताना दांडी जवळजवळ आडवी पडेल, तर बंद असताना तिचा जोर झाकणाला वर ढकलतच नाही, बिजागरीकडे जातो. झाकण थोडं उचललं की दांडी उभी होऊ लागते आणि मग ती ढकलते. म्हणजे बंद असेल तेव्हा गप्प, उघडायला लागलं की मदतीला हजर. मी हे पाटीवर काढून दाखवलं तशी मोठ्या मॅडम म्हणाल्या, "असा मानूस पाहिजे घरात."

पण बिजागरीजवळून ढकलायचं म्हणजे जास्त जोर लागणार, आणि ते बोनेट इतकं जड की व्हॅनच्या दांड्यांना झेपणार नव्हतं. बोनेट काढून टेम्पोत घातलं आणि आम्ही मुर्रीला गेलो. फायबरवाल्यानं चीर पाहिली, बोनेटच्या कडेची जाडी पाहिली आणि दुःखानं मान हलवली.

"मॅडमजी, मैं उसी दिन बोला था, दो परत बस है. आप बोले और लगाओ, और लगाओ. ये बोनेट नहीं है, ये नाव है. इसको तलाव में डालो तो तैरेगा."

"मग काय करायचं?"

"अंदर से घिसना पडेगा. पतला करना पडेगा."

पातळ. मी मोठ्या मॅडमकडे पाहिलं. त्या त्याच स्टुलावर बसल्या होत्या ज्यावर बसून त्यांनी थरांवर थर लावून घेतले होते. समोर एक अर्धवट हत्ती उभा होता, त्याच्या सोंडेकडे त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मी म्हटलं, सगळीकडून पातळ नको करायला. पळसाचं पान उलटं करून पाहा, मधला भाग कागदासारखा असतो आणि शिरा जाड असतात, तरी वाऱ्यात पान फाटत नाही. तसं करता येईल. शिरा ठेवायच्या, मधलं घासायचं. फायबरवाला म्हणाला, होईल. आणि दांड्या जिथे लागणार तिथे तो आत लोखंडी पट्टी घालून वरून थर देणार होता, म्हणजे सगळा जोर एका स्क्रूवर येणार नाही.

"ठीक आहे," मोठ्या मॅडम उठून म्हणाल्या. "आपण ते पातळ करावे. माझी हरकत नाही." आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. घासायच्या मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जवळ गेले नाही.

बोनेट परत बसवायला फायबरवाला स्वतः सौंदडला आला. जीप दारासमोर उभी केली. त्यानं दांड्या लावल्या, आम्ही खोक्यावर काढलेल्या जागीच. पुढच्या कडेला त्यानं स्वतःच्या मनानं एक लहानशी मूठ लावली होती, हाताला धरायला. सगळं झाल्यावर तो मागे सरकला. मोठ्या मॅडमनी पट्टे सोडले. बोनेट जागेवरच राहिलं, गप्प. त्यांनी डाव्या हातानं मूठ धरून ते वीतभर उचललं. तिथून ते त्यांच्या हातातून सुटल्यासारखं झालं, हळूच, श्वास सोडल्यासारखा आवाज करत वर गेलं आणि थांबलं. काठी नाही, काही नाही. वारा सुटला होता, मोहाची पानं हलत होती. बोनेट हललं नाही.

मग मोठ्या मॅडमनी ते बंद केलं. पुन्हा उघडलं. बंद केलं, एका बोटानं उघडलं. फायबरवाला हसायला लागला, मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा उघडत राहिल्या, दवाखान्यासमोर त्या माणसाची डिक्की उघडत होत्या तशाच, फक्त या वेळी कुणी थांबवणारं नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर आठवड्यानं भाऊजी गिऱ्हाईक घेऊन आले. गिऱ्हाईकानं टायरं पाहिली, खाली वाकून पाहिलं, मग इंजीन पाहायला बोनेटला दोन्ही हात घातले आणि सवयीनं पाय रोवून जोर लावला. बोनेट इतक्या सहज वर गेलं की तो तोल जाऊन दोन पावलं मागे गेला.

"बाप्पा! हे काय लावलं जी?"

भाऊजी पुढे आले. बोनेट बसवलं त्या दिवशी ते शेतावर होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आधी टेकूची काठी शोधली, ती नव्हती. बोनेटखाली डोकं घालून वर पाहिलं, पटकन डोकं बाहेर काढलं. मग मोठ्या मॅडमकडे वळले.

"तू एकटी उघडते?"

मोठ्या मॅडमनी बोनेट लावलं. मग उजवा हात पुढे केला, तोच मोडलेला, अजून बारीक आणि सुरकुतलेला. एका बोटानं बोनेट उघडलं आणि बाजूला झाल्या.

भाऊजींनी स्वतः लावून पाहिलं. उघडून पाहिलं. वर गेलेल्या बोनेटवर दोन्ही हातांनी दाबलं, सोडलं, ते परत वर गेलं. त्यांनी असं किती वेळा केलं मला सांगता येणार नाही, गिऱ्हाईक मध्येच विडी पेटवून बसला. शेवटी तो म्हणाला, "मी घेतो गाडी. तुमी म्हनाल तसं."

"गाडी विकायची नाही," भाऊजी म्हणाले.

"तुमीच तर बोलावलं ना!"

"बोलावलं तवा नव्हती ही अशी. तू चाय घे, अन् जा."

तो चहा पिऊन गेला, पण गप्प बसला नाही. महिनाभरात स्टँडवरचे जीपवाले एकेक करून दारात येऊ लागले. कुणाची पाठ दुखत होती, कुणाच्या क्लीनरचं बोट चिरडलं होतं. मोठ्या मॅडम त्यांना ओळीनं उभं करून शिकवत: कुठे लावायचं, का लावायचं, पट्टी कुठे घालायची. प्रत्येकाला खोक्याचं झाकण घेऊन यायला सांगत. मिशाळ, धिप्पाड माणसं चपलांची खोकी काखेत मारून आमच्या पडवीत मांडी घालून बसलेली मी पाहिली आहेत. मुर्रीच्या फायबरवाल्याकडे लोक जाऊन 'मॅडमवालं बोनेट' मागू लागले. तो सगळ्यांना सांगे, "दो परत. इससे जादा नहीं. मॅडम का ऑर्डर है."

काही वर्षांनी मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, मुलींनी गाणं म्हटलं. कालव्यापलीकडची ती मुलगी तोवर नर्सिंगला गेली होती, ती खास आली होती. मग मिरवणूक निघाली. रीत अशी की निवृत्त होणाऱ्याला सजवलेल्या गाडीत बसवायचं आणि बँड लावून घरी सोडायचं. गाडी सजवली ती त्यांचीच, झेंडूच्या माळांनी. हेडमास्तरांनी ड्रायव्हर सांगितला होता. मोठ्या मॅडमनी त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि पांढरीशुभ्र साडी सावरत स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. शेजारी भाऊजी. मोठ्या मॅडमच्या गळ्यात इतके हार की त्यांना समोरचं नीट दिसत असेल की नाही कोण जाणे.

बँडच्या मागे, माणसाच्या चालीनं, भर उन्हात जीप पहिल्या गिअरमध्ये सरकत होती. व्हायचं तेच झालं. गावाच्या चौकात समोरून वाफेचा लोट उठला. बँड थांबला. मोठ्या मॅडमनी इंजीन बंद केलं. हेडमास्तर धावले, दोन शिपाई धावले, जीपवाले धावले, बँडवाल्यानं ढोल खाली ठेवला.

भाऊजी सीटवर उभे राहिले. "कोनी हात नाही लावायचा! सरका मांगं!"

सगळे सरकले. मोठ्या मॅडम खाली उतरल्या. बोनेटवरच्या माळा उचलून त्यांनी माझ्या हातात दिल्या, पट्टे सोडले, आणि एक बोट लावलं. सगळ्या चौकासमोर ते बोनेट सावकाश, डौलात वर गेलं आणि थांबलं. आधी मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग बायकांनी, मग सगळ्या चौकानं. मोठ्या मॅडमनी कुणाकडे पाहिलं नाही. गाडी निवेपर्यंत त्या कमरेवर हात ठेवून शांतपणे उभ्या राहिल्या, मग फडक्यानं झाकण उघडलं, हॉटेलातून आणलेली बादली ओतली, बोनेट लावलं आणि हार सरळ करून गाडीत बसल्या.

"थांबले काऊन?" भाऊजी बँडवाल्यांवर ओरडले. "वाजवा ना!"

बँड असा वाजला की त्या दिवसाइतका कुणाच्या लग्नातही वाजला नसेल. मिरवणूक मोठ्या मॅडमच्या घरासमोर आली. दारात रांगोळी होती, ओवाळायला बायका उभ्या होत्या. बँडवाले वळून थांबले. जीप मात्र थांबली नाही. ती ओवाळणीच्या ताटांसमोरून तशीच पुढे गेली.

"बाई, घर मांगं राहिलं!" भाऊजी म्हणाले.

"दिसलं मले, भाऊजी," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "टाकीत डिझेल लय आहे." त्यांनी दुसरा गिअर टाकला, मग तिसरा, आणि बँडवाले ढोल सांभाळत जीपच्या मागे धावत सुटले.